राज्य शासनाच्या नोकरीत नव्याने रुजू होताय? पहिल्या वर्षाची वाट, पायरी पायरीने

मी तहसील कार्यालयात लिपिक-टंकलेखक म्हणून रुजू झाले. आता या पदाला महसूल सहायक म्हणतात. तेव्हा वाटत होतं, अवघड ते सगळं मागे पडलं. परीक्षा झाली, यादीत नाव लागलं, पेढे वाटून झाले. मग पहिला पगार हातात पडायला चौथा महिना उजाडला. सेवापुस्तकात माझ्या वडिलांचं नाव चुकलंय हे दोन वर्षांनी कळलं. आणि ज्या टेबलाचा चार्ज मी हसत हसत घेतला, तिथल्या तीन गायब फाइलींचा खुलासा मलाच करावा लागला.

यातलं काहीही स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. या नोकरीत जे कागदावर असतं तेवढंच घडलेलं असतं. त्याचा जाच होतो, पण त्याचा आधारही होतो. सुरुवातीला मात्र फक्त जाचच जाणवतो.

मी लिहिते आहे ते महाराष्ट्र शासनाच्या गट-क कर्मचाऱ्यांच्या नजरेतून. खात्याखात्यात थोडा फरक पडेल, पण मूळ नियम सगळ्यांना सारखेच आहेत.

१. रुजू होण्याआधी पिशवी भरा

नियुक्ती आदेशात रुजू होण्याची मुदत असते. ती चुकणार असेल तर मुदत संपायच्या आत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फोनवर ‘या हो सावकाश’ असं कोणी म्हटलं तरी त्यावर विसंबू नका.

सोबत न्यायची कागदपत्रं, मूळ प्रती आणि स्वसाक्षांकित छायाप्रतींचे किमान तीन संच:

- नियुक्ती आदेश
- दहावीचं प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला (जन्मतारखेसाठी)
- पदाला लागणारी शैक्षणिक प्रमाणपत्रं, एमएस-सीआयटी, टंकलेखन प्रमाणपत्र
- अधिवास प्रमाणपत्र. राखीव जागेवर निवड असेल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर
- शासकीय रुग्णालयाचं वैद्यकीय प्रमाणपत्र (कधी आधी, कधी रुजू झाल्यावर मागतात)
- लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, २००५च्या नियमांप्रमाणे
- आधार, पॅन, बँक पासबुक, रद्द केलेला धनादेश, डझनभर फोटो
- आधी दुसऱ्या शासकीय नोकरीत असाल तर तिथला कार्यमुक्ती आदेश आणि ना-हरकत

सगळ्यात मोठा सापळा नावाचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरं, पॅनवर स्पेलिंग तिसरंच. लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणींनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नाव बदलाची प्रत सोबत ठेवावी. सगळीकडे एकच नाव करून घ्यायला रुजू होण्याआधीचे पंधरा दिवस मोलाचे असतात. नंतर एकेका अक्षरासाठी एकेक पत्रव्यवहार होतो. माझा पगार नेमका याच कारणाने अडकला होता.

२. सकाळी रुजू व्हा

ही गंमत वाटेल, पण रुजू अहवालावर ‘मध्यान्हपूर्व’ की ‘मध्यान्हनंतर’ हे लिहावं लागतं. दुपारनंतर रुजू झालात तर पगार दुसऱ्या दिवसापासून धरतात. एसटी उशिरा पोहोचली म्हणून एक दिवस घालवू नका. आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. अहवालाच्या एका प्रतीवर आवक शिक्का आणि सही घेऊन ती घरी ठेवा.

२९ फेब्रुवारी २०२०पासून राज्य शासनाच्या बहुतेक कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा आहे, वेळ ९.४५ ते ६.१५. अत्यावश्यक सेवा, पोलीस, शाळा वगैरेंना तो लागू नाही. आणि निवडणूक लागली, अधिवेशन आलं, अतिवृष्टीचे पंचनामे निघाले की शनिवार-रविवार कॅलेंडरवरच राहतो.

३. पहिल्या पगाराचा पाठपुरावा स्वतः करा

पगार ‘सेवार्थ’ प्रणालीतून निघतो. तुमची माहिती तिथे भरली जाते, सेवार्थ आयडी तयार होतो, आहरण व संवितरण अधिकारी (कार्यालयाचे पैसे काढण्याचा अधिकार असलेले साहेब) देयकावर, म्हणजे पगाराच्या बिलावर, सही करतात आणि देयक कोषागारात जातं. यातली एक कडी सुटली की पगार पुढच्या महिन्यावर. आस्थापना (कर्मचाऱ्यांच्या सेवेचे कागद सांभाळणारी) आणि लेखा शाखेतल्या भाऊसाहेबांना भेटा आणि ‘माझं काय राहिलंय?’ असं विचारा. ‘पगार कधी होणार?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ‘काय राहिलंय?’ याला मिळतं.

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आहे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १० टक्के तुमचे कापले जातात, शासन १४ टक्के घालतं. मार्च २०२३मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले कर्मचारी संपावर गेले ते याच मुद्द्यावर. तुमचं मत काहीही असो, प्रान क्रमांक, म्हणजे या योजनेतला तुमचा कायमचा खाते क्रमांक, लवकर काढून घ्या. वारसाचं नाव भरा. कपात झालेली रक्कम खात्यात दिसते का, हे दर तीन महिन्यांनी बघा. पगारातून कापली म्हणजे खात्यात जमा झालीच असं समजू नका. सेवेत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन हवं की या योजनेचे लाभ, याचा विकल्पही २०२३पासून भरून घेतात. तो कागद अशुभ म्हणून बाजूला ठेवणारे मी पाहिले आहेत. भरा आणि पोच घ्या.

वेतनचिठ्ठीवर गट विमा दिसेल. व्यवसाय कर दिसेल: दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हे नेहमीचं आहे, घाबरू नका.

४. सेवापुस्तक: तुमची खरी कुंडली

यावर थोडी जास्त शाई घालवते. निवृत्तीच्या वेळी अडकणारी बहुतेक प्रकरणं इथेच अडकतात.

पहिल्या नियुक्तीच्या वेळी सेवापुस्तक उघडतात. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, पत्ता, ओळखखूण, सह्या. पुढे प्रत्येक वेतनवाढ, बदली, रजा, परीक्षा, शिक्षा, बक्षीस यांच्या नोंदी. मूळ पुस्तक कार्यालयात राहतं. दुय्यम प्रत तुम्हाला मिळायला हवी. ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते.

पहिल्या महिन्यात पुस्तक उघडून घ्या आणि पहिलं पान समोर बसून वाचा. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही तपासा. जन्मतारखेत बदल हवा असेल तर सेवेत आल्यापासून पाच वर्षांच्या आतच अर्ज करता येतो. नंतर तो विचारातच घेत नाहीत. नामनिर्देशनाचे कागद चिकटवलेत का, जात वैधतेची नोंद आहे का, एमएस-सीआयटी आणि टंकलेखनाची नोंद आहे का, हे बघा. लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट लागतं. प्रमाणपत्र आहे पण नोंद नाही, म्हणून एका सहकाऱ्याची वेतनवाढ थांबली होती.

पुढे दरवर्षी एप्रिलमध्ये दुय्यम प्रत घेऊन आस्थापना शाखेत जा, आदल्या वर्षाच्या नोंदी आणि सेवा पडताळणीचा दाखला लावून घ्या. ‘एवढी काय घाई, अजून तीस वर्षं आहेत’ असं कोणीतरी म्हणेल. तीस वर्षांनी ते तिथे नसतील.

पदोन्नतीची वाट लांब असते. पण १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर आश्वासित प्रगती योजनेचा लाभ, म्हणजे पदोन्नती झाली नाही तरी वरच्या पदाचं वेतन, मिळतो. तो ठरतो गोपनीय अहवाल (साहेबांनी दरवर्षी लिहिलेलं तुमच्या कामाचं मूल्यमापन) आणि सेवापुस्तक यांवरच. म्हणजे पहिल्या वर्षाचं आळसावलेलं पान दहाव्या वर्षी पगारात दिसतं.

५. चार्ज घेताना यादीशिवाय सही करू नका

आधीचे साहेब किंवा बाई बदलीच्या घाईत असतात. कपाटाची किल्ली देतात, ‘सगळं आत आहे’ म्हणतात आणि चार्ज यादीवर सही मागतात. मी केली. सहा महिन्यांनी लेखापरीक्षणाचं पथक आलं आणि तीन संचिका मागितल्या. त्या आत नव्हत्या. यादीत मात्र होत्या, खाली माझी सही.

दोन दिवस लागले तरी चालतील, एकेक संचिका हातात घेऊन यादीवर खूण करा. जी सापडत नाही तिच्यापुढे ‘आढळली नाही’ असं स्पष्ट लिहा, मग सही करा. प्रलंबित न्यायालयीन प्रकरणं, माहिती अधिकाराचे अर्ज, विधिमंडळाचे प्रश्न आणि लेखापरीक्षणाचे मुद्दे यांची वेगळी यादी मागा. मुदतीचे असल्यामुळे हे चार प्रकार सगळ्यात आधी अंगावर येतात.

चार्ज घेतल्यावर दप्तर सहा गठ्ठ्यांत लावा: चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन (उत्तराची वाट बघणारी), नियतकालिकं (ठरावीक काळाने पाठवायची विवरणं), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. जुनी पद्धत आहे, ई-ऑफिसच्या काळात काहींना हसू येतं. पण साहेबांनी फाइल मागितल्यावर दोन मिनिटांत देणाऱ्या माणसाशी कार्यालयात वेगळ्याच आवाजात बोलतात.

६. टिपणी लिहायला शिका

फाइलीला दोन बाजू: पत्रव्यवहार आणि टिपणी. टिपणीत चार गोष्टी लागतात. प्रकरण काय, नियम काय सांगतो, आधी असं प्रकरण कसं निकाली निघालं, आणि आपला प्रस्ताव काय. चौथी गोष्ट बहुतेकजण गाळतात आणि ‘आदेशार्थ सादर’ लिहून मोकळे होतात. मग फाइल परत येते.

परत येणाऱ्या शेऱ्यांची तुम्हाला लवकरच ओळख होईल. ‘चर्चा करावी.’ ‘तपासून सादर करावे.’ ‘नियमानुसार कार्यवाही करावी.’ यातला शेवटचा सगळ्यात रागाचा, कारण नियम कोणता हाच तर प्रश्न होता! उपाय एकच: टिपणीत शासन निर्णयाचा क्रमांक, दिनांक आणि नेमका परिच्छेद लिहा, प्रत पताका (खुणेची चिठ्ठी) लावून जोडा. शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर मिळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला जीआर संकेतांक टाकून तिथे शोधल्याशिवाय वापरू नका. मधली दोन पानं गायब असलेले किंवा नंतर अधिक्रमित झालेले, म्हणजे नव्या निर्णयाने मागे पडलेले, निर्णय वर्षानुवर्षं फिरत असतात.

विलंबाविरुद्धचा कायदाही माहीत हवा. बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५चा अधिनियम सांगतो की साधी फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. हा नियम तुमच्यावर आहे, तसाच वरच्यांवरही. म्हणून फाइल कधी आली, कधी गेली हे वर्कशीटवर, म्हणजे तुमच्या कामाच्या नोंदवहीत, लिहा. जाब विचारला जातो तेव्हा बोट शेवटच्या टेबलाकडे वळतं आणि ते टेबल बहुधा नव्या माणसाचं असतं.

७. तोंडी आदेश

‘करून टाक, मी बघतो.’ नोकरीत सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच.

१९७९च्या वर्तणूक नियमांनुसार वरिष्ठांच्या निदेशावरून काम करायचं असेल तर तो निदेश शक्यतो लेखी घ्यायचा, आणि शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यायची. म्हणजे लेखी मागणं हा उद्धटपणा नाही, ते तुमचं कर्तव्य आहे. पण कसं मागायचं यालाही कसब लागतं. मी असं करते: काम नाकारत नाही, टिपणी लिहिते, ‘मा. महोदयांनी दि. अमुक रोजी चर्चेत दिलेल्या निदेशानुसार प्रस्ताव सादर’ आणि सहीला ठेवते. आदेश योग्य असेल तर सही होते. नसेल तर फाइल गुपचूप परत येते आणि विषय संपतो.

कारणे दाखवा नोटीस आलीच तर रात्रभर रडत बसू नका (मी बसले होते). मुदतीत, मुद्देसूद, कागद जोडून उत्तर द्या. कागद मिळवायला वेळ हवा असेल तर मुदतवाढ लेखी मागा. उत्तर न देणं म्हणजे कबुलीच समजतात.

८. टेबलापलीकडचा माणूस

माझ्याकडे संजय गांधी निराधार योजनेचं संकलन, म्हणजे त्या कामाचं टेबल, आलं तेव्हाची गोष्ट. एक आजी तिसऱ्यांदा आल्या होत्या. पहिल्यांदा एक दाखला नव्हता म्हणून परत पाठवलेल्या. तो आणला, तर उत्पन्नाचा दाखला जुना झालेला. तो नवा काढला, तर बँक खात्यावरचं नाव जुळेना. तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी कागदावर दिसत होत्या. कोणी वाचल्या नव्हत्या, एवढंच.

त्या दिवसापासून मी कोऱ्या कागदावर सगळ्या त्रुटी एकदम लिहून देते, खाली तारीख आणि सही. पाच मिनिटं जातात. माणसाची दोन फेऱ्यांची मजुरी वाचते. या योजनेत आजींसारख्यांना महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. आपल्याला ती रक्कम छोटी वाटू शकते. मंजुरीनंतर आजी कार्यालयात आल्या, काही बोलल्या नाहीत, टेबलाच्या कडेला दोन कैऱ्या ठेवून गेल्या. भेटवस्तू नियमांत बसत नाही हे मला माहीत आहे. शिपाईदादांना त्यांच्यामागे पळवून त्या परत केल्या, आणि नंतर दिवसभर वाईट वाटत राहिलं. खाजगी नोकरीतल्या माझ्या मैत्रिणीचा पगार माझ्या दुप्पट आहे. तिला मी या आजींबद्दल सांगते तेव्हा ती काही वेळ गप्प होते.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवा. २०१५च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित सेवा कारणाशिवाय वेळेत दिली नाही तर ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत आहे. ती चुकवली तर जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० पर्यंत दंड लागू शकतो. अर्जदार रोज येऊन वाद घालणारा असला तरी अर्जाचा घड्याळकाटा थांबत नाही.

आणि ‘चहापाण्याचं काहीतरी’ म्हणून पुढे येणारा हात. नको म्हणा, मोठ्याने म्हणा, आजूबाजूला ऐकू जाईल असं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक भिंतीवर लावलेला असतो. तो नागरिकांसाठी आहे, तसाच दबावाखाली असलेल्या कर्मचाऱ्यासाठीही.

९. जामीनदार होऊ नका

याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम. कायम नोकरीत आलात की दोन महिन्यांत कोणीतरी पतसंस्थेचा अर्ज घेऊन येतं. ‘फक्त सही पाहिजे, औपचारिकता आहे.’ समोरचा माणूस गोड असतो, तुम्हाला कामही शिकवत असतो, नाही म्हणवत नाही. त्याचे हप्ते थकले की वसुली तुमच्या पगारातून सुरू होते. निवृत्तीला आलेल्या किंवा आधीच चार कर्जं असलेल्या माणसाला नवे, अविवाहित, कर्ज नसलेले कर्मचारी फार आवडतात. ‘घरी विचारावं लागेल’ हे वाक्य पाठ करून ठेवा. मला ते चार वर्षं उपयोगी पडलं.

१०. रजा, परीक्षा, मत्ता विवरण

किरकोळ रजा वर्षाला ८. अर्जित रजा १ जानेवारी आणि १ जुलैला १५-१५ दिवस जमा होते, ३०० दिवसांपर्यंत साठते. अर्धवेतनी रजा वर्षाला २०; वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते. रजा मंजूर झाल्याशिवाय गावाला जाऊ नका आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी त्याच अर्जात मागा.

तुमच्या संवर्गाला सेवाप्रवेशोत्तर किंवा विभागीय परीक्षा असेल तर तिच्या संधी आणि मुदत पहिल्याच महिन्यात विचारून घ्या. ‘नंतर देऊ’ म्हणणाऱ्यांची ज्येष्ठता मागे गेलेली मी पाहिली आहे. अभ्यासक्रम तोच असतो जो तुम्ही रोज टेबलावर करता, त्यामुळे पहिल्या संधीतच बसा.

मत्ता आणि दायित्वाचं विवरण पहिल्या नियुक्तीच्या वेळी आणि नंतर दरवर्षी, ३१ मार्चच्या स्थितीचं, ३१ मे पर्यंत द्यायचं. घर किंवा जमीन घेण्याआधी सक्षम प्राधिकाऱ्याला कळवायचं. क्लास चालवणं, दुकान, जोडधंदा परवानगीशिवाय नाही. समाजमाध्यमांवर शासनाच्या धोरणांवर टीका, कार्यालयातल्या फाइलींचे फोटो, राजकीय पोस्ट यांपासून लांब राहा. गंमत म्हणून पुढे पाठवलेला संदेशही चौकशीत कागद म्हणून लागतो.

११. बदली

साधारण पदावधी तीन वर्षांचा, बदल्या एप्रिल-मेमध्ये. मंत्रालयाबाहेरच्या गट-क कर्मचाऱ्यांचा हिशेब थोडा वेगळा लागतो, तो आस्थापनेत विचारा. मध्येच किंवा चुकीच्या कारणाने बदली झाली असं वाटलं तर आधी लेखी निवेदन आणि मग महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, हा रस्ता आहे. आमदारांची चिठ्ठी हा रस्ता नाही. राजकीय दबाव आणणं हाच वर्तणूक नियमांचा भंग आहे.

बदली झाली की निघताना तीन कागद हातात घ्या: कार्यमुक्ती आदेश, अंतिम वेतन प्रमाणपत्राची प्रत आणि शेवटच्या नोंदीपर्यंतच्या सेवापुस्तकाची छायाप्रत. मूळ सेवापुस्तक एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात टपालाने जातं आणि कधी कधी वर्षभर वाटेतच असतं. चार्ज देताना तुमच्यानंतर येणाऱ्याला कपाट उघडून एकेक संचिका दाखवा, जी नाही ती नाही म्हणून सांगा, आणि किल्ली दिल्याची नोंद यादीत करा.